आधीच्या माणसाचा धूर

नौपाड्यातली आमच्या ओळखीची निम्मीअधिक माणसं सध्या भाड्याच्या घरात राहतात. आयुष्यात ज्यांनी कधी घरभाडं भरलं नव्हतं, अशी माणसं. लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पाडल्या जाताहेत. विष्णूनगर, ब्राह्मण सोसायटी, भास्कर कॉलनी, घंटाळीच्या आजूबाजूच्या गल्ल्या, कुठेही जा, पत्र्याचं कुंपण आणि त्यावर उंच टॉवरचं रंगीत चित्र दिसतं. बिल्डर महिन्याचं भाडं देतो, सामान हलवायचा खर्च देतो, आणि नवीन इमारत उभी राहीपर्यंत माणसं जवळपासच कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जाऊन राहतात. लांब जायला कुणी तयार नसतं. गोखले रोडची भाजी, राम मारुती रोडवरची खरेदी, नेहमीचे डॉक्टर, घंटाळीदेवीचं देऊळ, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर हवं असतं, म्हणून भाडीही चढलेली. आम्ही त्यातलेच. लग्न होऊन ज्या घरात आले ते घर रिकामं करून, दोन गल्ल्या पलीकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड हलवलं.

घर पाहायला गेलो तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचावर, कोनाड्यात उदबत्ती लावलेली, हॉलच्या भिंतींना ताजं पांढरं डिस्टेंपर. एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, नौपाड्यात या भाड्यात असं घर परत मिळायचं नाही.’’ ते खरंही होतं. टोकन दिलं, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार झाला, नोंदणी झाली, पोलीस व्हेरिफिकेशन झालं. उन्हाळा होता तोवर घराची काही तक्रार नव्हती. चार दिवस गावाला जाऊन आलं की दार उघडताक्षणी काहीतरी नाकाला झोंबायचं, पण खिडक्या उघडल्या की जायचं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तो वास पुरता बाहेर आला.

कुणी सिगारेट ओढत असताना येतो तो वास वेगळा. हा शिळा होता. भिजलेल्या राखेचा, किंचित आंबूस, घशाला मागच्या बाजूने कडवट लागणारा. कपाट उघडलं की यायचा, एसी लावला की यायचा, रात्री मध्येच जाग आली तर उशीतून यायचा. इस्त्री करून ठेवलेल्या सुती साड्यांना लागला. हॉलच्या त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, छतापासून वीतभर खाली, पिवळे-तपकिरी ठिपके फुटायला लागले आणि त्यांचे बारीक ओघळ झाले. आमच्यात कुणीही सिगारेट ओढत नाही. लेकीला सातवा महिना लागला होता. आषाढ संपता संपता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि माहेर म्हणजे आता हे घर होतं.

माझी सगळी नोकरी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे वास म्हणजे हवेतलं काहीतरी असतं आणि खिडकी उघडली की ते जातं, हे मला पटणं शक्य नव्हतं. वास येतो याचा अर्थ पदार्थ येतो. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. त्यातलं डांबर चिकट, ते भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर पातळ थर धरतं. निकोटिन आधी वायुरूपात पसरतं आणि मग मिळेल त्या पृष्ठभागावर बसतं: गिलावा, प्लायवूड, पडदा, गादीचा कापूस. तिथे ते मुरतं. हवा तापली किंवा दमट झाली की थोडंथोडं सुटून परत खोलीत येतं. ठाण्याच्या पावसाळ्यात तर भिंतीच घाम सोडतात. मग त्यांच्या पोटातला ऐवज बाहेर येणारच. ओढणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. त्याच्यामागे घर धूर सोडत राहतं.

हे केवळ नाकाचं गाऱ्हाणं नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. आता लेकीच्या काळजीने मी ते पुन्हा काढून वाचलं. 2009 साली बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकातून या मागे उरलेल्या धुराकडे लोकांचं लक्ष वेधलं. ओढणाऱ्याच्या फुप्फुसातला धूर पहिला, शेजारी बसलेल्याच्या नाकात जाणारा दुसरा, आणि भिंती-कपड्यांवर बसून राहतो तो तिसरा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसअमाइन्स तयार करतं. हे नायट्रस आम्ल घरात येतं कुठून? गॅसच्या ज्योतीतूनही येतं. म्हणजे जी ओट्यावर रोज जळते, तिच्यातून. आणि 2011 मध्ये सॅन दिएगोच्या जॉर्ज मॅट यांच्या गटाने नेमका माझाच प्रश्न तपासला होता: सिगारेट ओढणारे भाडेकरू गेले आणि न ओढणारे आले, तर काय होतं? मधल्या काळात ती घरं सरासरी दोन महिने रिकामी होती, साफ झाली होती, काही नव्याने रंगवलेलीही होती. तरीही धूळ आणि भिंती निकोटिनने भरलेल्या होत्या, आणि नव्याने राहायला आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवर ते सापडलं. सगळ्यात जास्त धोका रांगत्या मुलाला. ते फरशीवर हात टेकतं, भिंत धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं.

घरमालकांना फोन केला. ते सभ्य गृहस्थ आहेत, आवाज चढवून कधी बोलत नाहीत. म्हणाले, ‘‘अहो, मी तर तुम्ही यायच्या आधीच रंग काढून दिला. आणि वास काय, सगळ्याच घरांना असतो.’’ त्यांचं दुसरं वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं. पण त्याआधी हाताला काम होतं.

मालकांनी रंग दिला होता तो फक्त हॉलला. आतली खोली तशीच होती. भिंतीवर एका खिळ्याखाली कालनिर्णयच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन होता, भोवतीची सगळी भिंत मळकट पिवळी. आम्ही आलो तेव्हा वाटलं होतं, जुना रंग आहे, उतरलाय. ओल्या फडक्याने त्या चौकोनाच्या शेजारी एक हात फिरवला आणि फडकं पिळलं, तर बादलीत चहाच्या रंगाचं पाणी पडलं. भिंत जुनी नव्हतीच. तिच्यावर थर होता.

मग खोली इंच इंच पाहिली. पूर्वेच्या खिडकीवरचं छत सगळ्यात काळपट, साधारण परातीएवढा गोल. तिथून बाहेर रंग फिकट होत गेलेला. खिडकीच्या लाकडी चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीवर भाजल्याचे लहान लहान काळे खड्डे, ओळीने, सगळे उजव्या टोकाला. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे पिवळे ठसे, टेबलफॅनच्या सॉकेटभोवतीही. कपाटाच्या डाव्या दाराच्या मुठीला चिकटा, उजवी मूठ स्वच्छ. एक माणूस कुठे बसायचा, कोणत्या हाताने सिगारेट टेकवून ठेवायचा, कुठलं कपाट वापरायचा, हे सगळं त्या खोलीने सांगितलं. वॉचमनकडून कळलं ते एवढंच: एकटा होता, पस्तिशीचा असेल. रात्रभर संगणकावर परदेशातल्या लोकांशी बोलायचं काम करायचा आणि दिवसा पडदे ओढून झोपायचा. भाडं वेळेवर द्यायचा. कुणाला त्याचा उपद्रव नव्हता.

मला त्याचा राग आला नाही. सगळी गल्ली झोपलेली असताना त्या खिडकीशी बसून, दुसऱ्या देशातल्या माणसाची तक्रार ऐकून घेऊन, दोन फोनांच्या मधल्या वेळात त्याने जे केलं त्याचा तो गोल होता. खाली जाऊन ओढायला रात्री तीन वाजता कुठे जाणार? जिना सोसायटीचा, गच्चीला कुलूप. हे समजतं. पण हेही तितकंच खरं की त्याच्या रात्री आता माझ्या नातवंडाच्या पाळण्यावर टांगलेल्या होत्या आणि त्या उतरवणं भाग होतं.

लोकांनी सांगितलेले उपाय पुष्कळ होते, आणि बहुतेक सगळे वास झाकायचे होते. कापूर, धूप, लिंबाच्या फोडी, वाटीत कॉफी पूड, दर दोन तासांनी सुगंध सोडणारा डबा. झाकलेला वास घटकाभर दबतो आणि मग दोन्ही वास मिळून येतात. वाटीत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा ठेवला तर बंद कपाटात थोडा उपयोग होतो, तिथे तो जरूर ठेवावा. पण खोलीभर धूर मुरलेला असताना वाटीने काय होणार? एकाने ओझोनचं यंत्र भाड्याने मिळतं म्हणून सांगितलं. ते मी ठामपणे नाकारलं. ओझोन फुप्फुसांना स्वतःच घातक, आणि निकोटिनशी त्याचा संयोग झाला की अतिसूक्ष्म कण तयार होतात. एक विष घालवायला दुसरं आणून सोडायचं, तेही गरोदर मुलगी यायच्या घरात, हे मला मान्य नाही.

जे चिकटलंय ते धुऊनच काढावं लागतं, आणि धुण्याला एक क्रम आहे. डांबर तेलकट, त्याला अल्कली लागतो: कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबणचुरा. हातात रबरी मोजे, कारण सोडा कातडी खातो. भिंत खालून वर पुसत जायची. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे पट्टे मग निघता निघत नाहीत. मग दोनदा साध्या पाण्याचा हात. हे सगळं सुकल्यावर पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. निकोटिन आणि या शिळ्या वासातली पिरिडीन वर्गातली संयुगं आम्लारीधर्मी असतात. आम्ल मिळालं की त्यांचे क्षार होतात, ते उडून नाकात येत नाहीत आणि पाण्यात विरघळून फडक्यावर उतरतात. बरेच लोक सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतात, फेस आला की काम झालं असं समजतात. दोघं एकमेकांनाच संपवतात, भिंतीच्या वाट्याला काहीच उरत नाही. आणि व्हिनेगरमध्ये फरशीचं ब्लीच तर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे वर्गात शिकवताना मी फळ्यावर चौकट करून लिहीत असे.

पंख्याची पाती, ट्यूबची पट्टी, दारांच्या वरच्या कडा, माळ्याची फळी, ग्रिलचे गज, जिथे हात पोचत नाही म्हणून कुणी पुसत नाही तिथेच थर सगळ्यात जाड. एसीवाल्याला बोलावून नुसती जाळी न धुता आतली कॉइलही धुऊन घेतली. नाहीतर यंत्र चालू केलं की साठवलेलं सगळं परत खोलीत फेकतं. दिवाणावरची कापसाची गादी मालकांची होती. ती उन्हात घालून, झटकून काही होणार नव्हतं. विचारून टाकून दिली. पडदे आम्ही आमचेच लावले.

मग रंगारी आला. जुना माणूस, नौपाड्यातल्या निम्म्या इमारती त्याने आतून पाहिलेल्या. हॉलच्या भिंतीवरचे ठिपके अंगठ्याने चोळून म्हणाला, ‘‘काकू, वरून पांढरं मारून काय उपयोग? खाली धूर बसलाय. पाण्याचा रंग लावला की तो विरघळून वर येतो. दहा हात मारा, दहादा येईल.’’ इलाज त्यालाही ठाऊक होता. आधी धुवायचं, सुकू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग ऑइल बेसचा प्रायमर, म्हणजे खालचं खाली राहतं. त्यावर हवा तो रंग. लाखेपासून केलेला प्रायमर याहून चांगला, पण तो महाग आणि सगळीकडे मिळत नाही. छत सोडायचं नाही. धूर वर जातो, त्यामुळे छत हेच त्याचं खरं ठिकाण, आणि भाड्याचं घर रंगवताना पैसे वाचवायला नेमकं छतच सोडतात. या प्रायमरला स्वतःचा उग्र वास असतो, म्हणून जुलैतली एक उघडीप गाठून, लेक यायच्या पुरेशी आधी, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून हे काम उरकलं.

या सगळ्या धावपळीत सासूबाई त्या वासाबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांना वास येत नसेल असं मी धरून चालले होते, वय झालंय. आतली खोली धुवायला घेतली तेव्हा त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मला काही त्रास नव्हता गं याचा. रात्री जाग आली की घरात पुरुषमाणूस आहे असं वाटायचं.’’

माझे सासरे चारमिनार ओढायचे. जेवण झालं की गॅलरीत, पेपर वाचताना खुर्चीत, पाहुणे आले की दिवाणखान्यात त्यांच्याबरोबर. तेव्हा त्यात वावगं कुणालाच वाटत नसे. लग्नात आहेर म्हणून ॲश ट्रे यायचे. ज्या घरात कुणी ओढत नसे तिथेही टीपॉयवर एक काचेचा ॲश ट्रे असायचा, पाहुण्यासाठी. ऑफिसात साहेबाच्या टेबलावर, डॉक्टरच्या खोलीतही असायचा. एसटीत पुढच्या बाकावरून धूर यायचा आणि आम्ही पदर नाकाला लावून बसायचो. पुरुष ओढतात, बायका पदर लावतात, हा त्या काळचा सरळ हिशेब होता. सासऱ्यांची शेवटची वर्षं खोकल्यात आणि ऑक्सिजनच्या नळीला गेली. सासूबाईंनी त्यांच्या शर्टांना पुन्हा पुन्हा साबण लावला, उशा उन्हात घातल्या, आणि तोच वास त्यांना आता रात्री सोबत देत होता. मी हातातलं फडकं बादलीत टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या म्हणाल्या, ‘‘धू तू. बाळ येणार आहे.’’

आणि मालकांचं ते वाक्य. सगळ्याच घरांना वास असतो. पाडकाम सुरू होण्याआधी राहिलेलं सामान न्यायला आम्ही आमच्या जुन्या घरी गेलो होतो. घर तेव्हा काही आठवडे बंद होतं. कुलूप उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या घराचा वास आला. हिंग, जुनी पुस्तकं, माळ्यावरच्या गाद्या, ओट्याखालची ओल, आणि या सगळ्यांच्या तळाशी, अगदी पुसट, चारमिनार. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मधल्या काळात दोनदा रंग झाला होता. त्या घरात माझी लेक रांगली, चालायला लागली, त्याच भिंती धरून. तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. तेव्हा मालक म्हणतात ते खरं आहे, प्रत्येक घराला वास असतो. पण फोडणीचा वास आणि हा वास एका पारड्यात घालता येत नाहीत. एक नाकाला नकोसा होऊ शकतो. दुसरा बाळाच्या लघवीत सापडतो.

कायद्याने धूर हळूहळू बाहेर काढला. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 ला निकाल दिला आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, सरकारी कचेऱ्या, नाट्यगृहं, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहनं सिगारेटमुक्त झाली. 2003 मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. 2 ऑक्टोबर 2008 पासून सगळ्या सार्वजनिक जागी बंदी आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड. हे फार मोठं काम झालं. आज कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना लोकलच्या डब्यात कुणी सिगारेट पेटवेल ही कल्पनाच करता येत नाही. पण कायदा उंबरठ्याशी थांबला, आणि माझ्या मते थांबायलाच हवा होता. माणसाच्या घरात शिरून त्याच्या हातातली सिगारेट काढून घेणारं सरकार मला नको आहे. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत प्रौढांपैकी 10.7 टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले, पण घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे 38.7 टक्के. हा आकडा कमी करायचा तर तो घरातल्या माणसांनीच एकमेकांशी बोलून कमी करायचा आहे.

भाड्याचं घर मात्र या हिशेबात बसत नाही. ते माझं असतं, पण अकरा महिने. माझ्याआधी कुणाचं तरी होतं, नंतर कुणाचं तरी असणार. जागा एक, माणसं बदलती. एकमेकांना ती कधी भेटत नाहीत, पण भिंत सगळ्यांची एकच. इथे मी बंद दाराआड काय करते हा प्रश्न फक्त माझा राहत नाही. करारात एक ठरावीक कलम असतं: नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून जागा होती तशी परत करावी. फरशीला ओरखडा, नळाची झिजलेली चकती, उन्हाने उडालेला रंग ही झीज. गिलाव्यात मुरलेलं डांबर ही झीज नव्हे. ते नुकसान आहे, आणि ज्याने केलं त्याने, त्याच्याकडून घेतलं नसेल तर मालकाने, ते भरून द्यायला हवं. एक हात डिस्टेंपर मारून ते पुढच्याच्या गळ्यात घालणं योग्य नाही, मालक कितीही सभ्य असोत. रंगाऱ्याने त्यांना फोनवर समजावल्यावर त्यांनी प्रायमर आणि रंगाचे पैसे भाड्यातून वळते करून घ्यायला होकार दिला. मजुरी आमची. आमच्या घरातले काहीजण म्हणाले, दुसऱ्याच्या भिंतीवर इतका खर्च कशाला? भिंत दुसऱ्याची होती, श्वास आमचा होता.

एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय हे अर्धवट राहील. बाळ घरी आलं आणि सासूबाईंनी विचारलं, धुरीची तयारी कधी करायची? आमच्याकडे न्हाऊ घातलं की बाळाला धुरी देतात. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, थोडा ऊद, आणि त्या धुरावरून बाळ हलकेच फिरवायचं, जावळ सुकवायचं. तो वास म्हणजे माझ्यासाठी बाळंतिणीची खोली. माझ्या आईच्या पदराला तो असायचा. बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं: नवजात बाळाच्या फुप्फुसांना कुठलाच धूर चालत नाही, पवित्र असो की नसो. मला ते सोपं गेलं नाही. परक्याचा धूर भिंतीतून घासून काढताना हात चालत होता, कारण तो परक्याचा होता. हा माझ्या आईचा, तिच्या आईचा. पण निखाऱ्यावरचा ओवा जळला तरी त्याचे कण सिगारेटच्या कणांइतकेच बारीक असतात, रसायनशास्त्राला सोयरसुतक नसतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मग ओव्याची पुरचुंडी करून तव्यावर शेकू. वास तरी राहील.’’ आम्ही तेच केलं. उदबत्तीही आता खोलीत लावत नाही, देवाला गॅलरीत दाखवून येतो.

जानेवारीत करार नव्याने झाला तेव्हा मी मालकांना एक ओळ घालायला लावली. त्यांनी ती घातली, आणि त्यांच्या दुसऱ्या घराच्या करारातही घातली असं नंतर कळलं. ती इथे देते, कारण नौपाड्यात आणि नौपाड्याबाहेर हजारो लोक पुढची काही वर्षं अशीच घरं घेणार आणि देणार आहेत: ‘जागेत धूम्रपान करू नये, केल्यास जागा सोडताना सर्व भिंती व छत धुऊन, ऑइल बेस प्रायमर लावून, रंगवून द्यावे.’

घर घेत असाल तर टोकन देण्याआधी ते एक रात्र बंद ठेवायला सांगा आणि सकाळी खिडक्या उघडण्याआधी स्वतः दार उघडून आत जा. कपाटात नाक घाला, पंख्याच्या पात्यावर ओलं पांढरं फडकं फिरवा. घर भाड्याने देत असाल तर छत रंगवल्याशिवाय देऊ नका. आणि तुम्ही स्वतः ओढत असाल, तर घर सोडायच्या आधी एक रविवार काढा, बादलीत सोडा घ्या आणि तुमच्या खिडकीवरचं छत तुमच्या हाताने धुवा.